समोरच्या भिंतीवरचे हे

आमच्या गल्लीचा रस्ता दीड वर्ष खोदून ठेवला होता. शेवटी तो झाला आणि चांगला झाला, एवढं मान्य करते. आमच्या शहरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारातून येताना आता ऑटोवाला कुरकुर न करता थेट दारापर्यंत आणून सोडतो. फुटपाथ आले, बाकडी आली, नवे दिवे आले. राहिली होती ती पाण्याच्या टाकीची लांबलचक भिंत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अगदी समोरची. तिच्यावर काय रंगवायचं ते गल्लीतल्या लोकांनीच ठरवायचं, असं नगर निगमवाल्यांनी कळवलं.

एका रविवारी सकाळी टाकीच्या आवारात खुर्च्या मांडल्या. चित्रं काढणाऱ्या मंडळींपैकी एक मुलगी आली होती. माझ्या लेकीच्या वयाची, पण सगळे तिला दीदी म्हणत होते. तिने नमुने दाखवले. धुआँधार धबधबा, संगमरवरी खडक, मदन महालचा किल्ला. लोकांनी नाकं मुरडली, हे तर शहरातल्या प्रत्येक भिंतीवर आहे म्हणाले, आपल्या गल्लीचं असं काहीतरी पाहिजे. मग तिने चिठ्ठ्या वाटल्या आणि स्टीलचा डबा फिरवला. मी ‘पक्षी’ लिहिलं. पक्ष्यांशी कुणाचं वैर नसतं.

चिठ्ठ्या उघडायला शेजारीण उठली. पहिली उघडून म्हणाली, “भाईसाहब.” दुसरीतही तेच. चौथ्या चिठ्ठीला मी खुर्ची मागे ओढली. डबा रिकामा होईपर्यंत तेच चाललं. माझे पक्षी मध्येच कुठेतरी निघाले, त्यावर लोक हसले.

भाईसाहब म्हणजे आमचे हे. जाऊन दोन वर्षं झाली होती. फॅक्टरीत नोकरी, आणि मार्च लागला की गल्लीभरचे कूलर दुरुस्त करायचं वेड. गवत बदल, पंप साफ कर, वायर जोड, आणि तोंडाची टकळी सतत चालू. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “खाना हो गया?” म्हातारे, पोरं, दूधवाला, कुणी सुटायचं नाही. गल्लीने त्यांना निवडलं यात गल्लीचं काहीच चुकलं नाही.

फक्त या माणसाने अकरा वर्षं माझ्याशी अबोला धरला होता, आणि ते गल्लीला माहीत नव्हतं.

सुरुवात माझ्याच जिभेने केली, तेही सांगते. खात्याच्या परीक्षेत हे तिसऱ्यांदा नापास झाले, त्या आठवड्यात यांचे चार मित्र घरी जेवायला होते. वाढता वाढता मी म्हटलं, यांच्यानं कूलर तेवढे पास होतात. मित्र हसले. हेही हसले. त्या दिवसानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी माफी मागितली, एकदा नाही, चारदा. चारही वेळा पेपरचं पान उलटलं गेलं. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्यामार्फत निरोप चालायचे. आईला सांग डबा सहाला पाहिजे, आईला सांग गॅस बुक केला. तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली तेव्हा निरोप्याच गेला. मग वाटी ताटावर दोनदा वाजली की वरण, एकदा वाजली की भात. माझा कूलर मात्र दर वर्षी सगळ्यांच्या आधी दुरुस्त व्हायचा, न बोलता. म्हणजे तक्रार करायची सोयही ठेवली नव्हती त्यांनी.

माणसाचं चित्र काढायचं तर घरच्यांची लेखी संमती लागते, असं निगमच्या साहेबांनी सांगितलं. सगळी गल्ली माझ्याकडे वळली. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. कोणतं देऊ? की तुमचा हसरा भाईसाहब फाटकाच्या आत पाऊल टाकलं की मुका व्हायचा? कुणी विश्वास ठेवला नसता. आणि ठेवला असता तर पुढचा प्रश्न आलाच असता, भाभीजी, तुम्ही असं केलं तरी काय? अकरा वर्षं झाकून ठेवलेलं एका चित्रापायी उघडं करायचं मला जमलं नाही. मी सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लेकीला फोन केला तर ती चिडली. “आई, नाही म्हणायचं ना सरळ. हो काहून म्हटलं?” मी म्हटलं, तू येऊन म्हण नाही. त्यावर तिने विषय बदलला.

यांचा हसरा फोटो चित्रं काढणाऱ्या त्या मुलीला हवा होता. माझ्या अल्बममध्ये एकही नव्हता. गल्लीकडे ढीगभर निघाले. मग तिचं दुसरं म्हणणं आलं, चित्राखाली त्यांचं एक वाक्य हवं, घरी नेहमी म्हणायचे असं, आणि ते घरच्यांच्याच भाषेत. माझ्या अंगणात आठ-दहा जणी उभ्या होत्या. सगळ्या कौतुकाने माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्या मुलीने वही उघडली. “आंटी, आपसे क्या कहते थे?”

मला पळून जावंसं वाटलं. स्वतःच्याच अंगणात, मागे दार उघडं असताना, मला कुठेही जाता येत नव्हतं. मग ते फाटकावरचं आठवलं, आणि तेच मराठीत करून दिलं. “जेवलीस का,” मी म्हटलं. “हेच विचारायचे. रोज.” शेजारणीने डोळ्याला पदर लावला. यही तो हैं भाईसाहब, म्हणाली.

पंधरा दिवसांत चित्र झालं. हातात पाना, शेजारी कूलर, तोंडभर हसू, आणि खाली हातभर उंचीची अक्षरं. माझ्या ओट्यापासून वीस पावलांवर. पोळ्या लाटताना मान वर केली की हे. खिडकी लावून घेतली तर कुणीतरी बेल वाजवून विचारतं, भाभीजी, तबीयत ठीक है ना? पडदा लावला तर लोकांना वाटतं, बघवत नाही बिचारीला. तेवढं मात्र त्यांचं खरं असतं. म्हणून मी खिडकी उघडी ठेवते. हे हयात असताना निदान सकाळी फॅक्टरीत तरी जायचे.

मे महिन्यात लेक आली. बॅग फाटकात ठेवून बराच वेळ भिंतीपुढे उभी राहिली. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, खोटं पकडलं गेलं, कारण घरात खरं माहीत असलेली ती एकटीच. मीच आधी म्हटलं, “काहीतरी सांगावं लागत होतं. दिलं ठोकून.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. “तुला कोणी सांगितलं पण?”

“काय?”

“बाबा मला विचारायचे ना. आई जेवली का म्हणून. रोज रात्री, हात धुता धुता. लग्नानंतर फोनवर पण विचारून राहिले होते, शेवटपर्यंत.”

मी कणीक मळत होते, मळतच राहिले. एवढे निरोप आणलेस, हाच नाही आणलास, असं विचारलं.

“आईला सांगू नको म्हणायचे,” ती म्हणाली. “अन् मी नाही सांगितलं. छोटी होती मी. मग सवयच पडून गेली.”

तिच्यावर रागावावं म्हटलं तर ती दहा वर्षांची पोर डोळ्यापुढे उभी राहिली. यांच्यावर अकरा वर्षं पोसलेला राग होता, एवढं एकच माझं हक्काचं उरलं होतं, तेही तिने नकळत काढून घेतलं. मी तिला ताट वाढलं. ती म्हणाली, तू पण बस. समोर भिंत दिसत होती, तिच्याकडे मी पाठ केली.

“माझं झालं,” मी म्हटलं. झालं नव्हतं.