आधी शेजारी वाचायचे

पाहुणा आला की लोक पंखा लावतात. निलंग्याच्या आपा बंद करायच्या. ऐन वैशाखातही कुणी कापडातून जुना कागद बाहेर काढला की त्यांचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जायचा. "वारा पायजे का खानदान?" असं विचारून त्या चष्मा पुसायला घ्यायच्या. मग आपण घाम पुसत बसायचं.

आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. निजामाच्या काळातले कागद वाचणारं माणूस आता शोधून सापडत नाही, आणि जातीच्या दाखल्यासाठी पणजोबा शोधायला तर सगळेच निघालेत. आपांच्या ओसरीवर पार चाकूरपासूनची माणसं बसलेली असायची. काही सापडलं की आपांच्या पोटात ते राहत नसे. तशाच उठून दारात जायच्या आणि समोर शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगायच्या, "मिल गया गं, ह्याचा आजा मिळाला!" त्या बाईला कुणाच्याच आजोबाशी देणंघेणं नव्हतं, पण ती मशीन थांबवून मनापासून खूश व्हायची.

मी त्यांच्याकडे गेले ती चिडून. एका लग्नात, भर पंगतीत, चुलतभाऊ माझ्या वडिलांना म्हणाला होता, "अण्णा, जुन्या कागदात तर अव्वा तुमच्या जन्माआधीच बेवा लिवलीय." बेवा म्हणजे विधवा, आणि अव्वा म्हणजे अण्णांची आई. पंगतीत कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते रांगत असतानाच त्यांचे वडील गेले, असं फक्त ऐकलेलं, फोटोसुद्धा नाही. अण्णा ताटावरून उठले आणि त्यानंतर भावकीच्या एकाही कार्याला गेले नाहीत.

चुलतभावाकडून आलेला त्या पानाचा फोटो मी आपांना मोबाईलवर दाखवला. "बेवाच हाय," त्या म्हणाल्या. माझा चेहरा पडला. "पर एका ओळीवरून कुणाची इज्जत ठरत न्हाई, बेटा. पुरी वही आण."

जुन्या पटवाऱ्याच्या नातवाला चार दिवस गळ घालून मी खानेशुमारीची, म्हणजे घरोघरच्या माणसांच्या मोजणीची, वही मिळवली. अण्णा हट्टानं सोबत आले. पंखा बंद झाला.

आपांनी अव्वाची ओळ वाचलीच नाही. ती त्यांची रीतच होती. "आधी शेजारी वाचायचे. आपलं माणूस मग आपोआप कळतं." त्यांचं बोट एकेका घरावरून सरकत गेलं आणि मध्येच थांबलं. "एका गल्लीत नऊ घरं, त्यात सात बेवा. समद्या जवान. मरी आल्ती का गावात?"

"तसं कधी ऐकलं न्हाई," अण्णा म्हणाले.

आपांनी पानाचा माथा पाहिला. "जुमेरात. म्हंजे गुरुवार. तुमच्याकडं बाजार कवाचा?"

"गुरुवारचाच," अण्णा म्हणाले.

"ज्या दोन घरांत नवरा लिवलाय, त्यातला एक लंगडा, एक आंधळा. बाकीचे गेलते बाजाराला. इकडं मोजणीचा मुन्शी दारात हुबा, मालकाचं नाव इचारून राहिला. तुमची अव्वा नवऱ्याचं नाव घ्यायची?"

अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. "मरेपत्तुर न्हाई घेतलं. शाळेत मला घालताना गुरुजीनं बापाचं नाव इचारलं, तर शेजारणीला पुढं केलं तिनं."

"मग झालं तर. बाई गप, घरात पुरुष न्हाई, मुन्शीला घाई. बेवा लिवून मोकळा."

मी उड्याच मारणार होते. आपांनी हात वर केला. "हा अंदाज झाला. सबूत पायजे." घाम कागदावर पडू नये म्हणून त्यांनी पदर कपाळाला गुंडाळला आणि पुन्हा पानं उलटायला घेतली. वहीच्या शेवटी गुरांची यादी होती, अण्णा जन्मले त्या सालची. एका ओळीपाशी आपा उठल्या. मला वाटलं, निघाल्या दाराकडे. पण त्या दिवशी त्या दारात गेल्या नाहीत. त्यांनी वही अण्णांसमोर ठेवली आणि वाचलं, "गुरुलिंग वल्द मन्मथप्पा. दोन बैल, एक म्हैस. निशाणी अंगठा." वल्द म्हणजे मुलगा; मन्मथप्पांचा गुरुलिंग, म्हणजे अण्णांचे वडील. ओळीच्या कडेला काळा ठसा होता. "मेलेला माणूस अंगठा देत न्हाई, अण्णा."

"परत वाचा," अण्णा म्हणाले. आपांनी ते नाव चार वेळा वाचलं. मी पदरानं डोळे पुसले आणि घाम आल्याचं नाटक केलं.

पुढच्या लग्नात अण्णा पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसले आणि चुलतभावानंच त्यांना आग्रह करून वाढलं. गेल्या थंडीत आपा वारल्या. मी गेले तेव्हा समोरची बाई मशीनवर नुसतीच बसलेली होती. म्हणाली, "आता कोन सांगल गं मला, कुणाचा आजा मिळाला ते?"

मला सारखी ती दुपारच आठवते. नाव चौथ्यांदा वाचून झालं, तेव्हा अण्णांनी आपला अंगठा त्या काळ्या ठशावर अलगद टेकवला. "हळू, कागद नाजूक हाय," आपा म्हणाल्या. अण्णांनी अंगठा उचलून बघितला, पुन्हा ठेवला.

"माझ्यापरीस बाचा मोठा हाय," ते म्हणाले.