बेलभंडारा आणि सरकारी वकिलाचा अधिकार

वितळत्या लाखेचा वास आला की आजही माझी बोटे आखडतात. लाख, ओला डिंक आणि उन्हाने तापलेले कागद. चिंचवडच्या आमच्या ओसरीवर हा वास दोन उन्हाळे मुक्कामाला होता. माझे यजमान पुण्याच्या कोर्टात सरकारी वकील. माझे अक्षर वळणदार, म्हणून त्यांच्या टिपणांच्या शुद्ध प्रती काढणे आणि लखोटे लाखेने बंद करणे माझ्याकडे आले. कवितेसाठी घोटवलेले ते अक्षर 'सबब' आणि 'उपरिनिर्दिष्ट' यांच्या पायी झिजत होते.

टिपणाचा विषय एकच. पहिली बायको असताना दुसरे लग्न करणे हा गुन्हा होता, पण फिर्याद त्या पहिलीनेच करायची. ती गप्प बसली की सरकारी वकिलाचे हात बांधलेले. त्याला आपणहून खटला भरता यावा, अशी कायद्यातली दुरुस्ती मुंबईला विधानसभेपुढे जायची होती. नुसतीच जायची होती! कधी ती समितीत अडे, कधी एखाद्या शब्दावरून यांचे मत पुन्हा मागवले जाई, आणि मी तीच तीन पाने परत लिहायला बसे.

"'परवानगी' काढून 'संमती' घालायचंय," हे म्हणत.

"एवढ्यासाठी सगळं पान?"

"सरकारात खाडाखोड चालत नाही."

"दुसरं लग्न मात्र चालतं!"

यावर हे चष्मा पुसू लागत.

माझा जीव त्या मसुद्यात नव्हता. तो आमच्या दूधवालीत अडकला होता. रावेतहून पवनेच्या काठाकाठाने ती रोज दूध घालायला येई. तिच्या नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा सासरच्यांनी तिला खंडोबापुढे उभे करून बेलभंडारा उचलायला लावला. कोर्टात तक्रार नेणार नाही, अशी शपथ. बदल्यात गोठ्यालगतची खोली आणि एक म्हैस. शपथ मोडली तर खोली जाणार आणि देवही कोपणार.

"भंडारा उचललाय वयनी, आता त्वांड बंद," ती म्हणे. चरवीच्या काठावर तिच्या बोटांची हळद उमटली आहे, असा मला उगाच भास होई.

अखेर दुरुस्ती मंजूर झाली. "झाली एकदाची," हे म्हणाले, जुनाट पडसे बरे व्हावे तसे. दुसऱ्या सकाळी मी तिला दारातच गाठले.

"आता तू तक्रार करायची नाहीस. खटला सरकार भरणार. तुझी शपथ शाबूत, खोलीही शाबूत."

तिचे माप भांड्यावर तसेच थांबले. त्यातून दुधाचा एकेक थेंब गळत होता. तो आवाज मला फार मोठा वाटला.

"म्हंजी म्या काय बी करायचं न्हाई?"

"काही नाही."

"मग ह्ये दुसरं लगीन झालं, आसं जजासमोर सांगनार कोन? भटजीपास्नं भावकीपत्तुर समद्यांनी गप ऱ्हायाचा भंडारा उचललाय."

दोन उन्हाळे मी ती पाने लिहिली होती, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी मागे वळले. हे कोटाच्या गुंड्या लावत उभे होते.

"अहो, सांगा ना तिला, साक्ष कोण देणार?"

त्यांनी शेवटची गुंडी लावली. मग माझ्यामागे दारात उभ्या दूधवालीकडे बोट करून म्हणाले,

"हीच."