सव्वीस जानेवारीची हजेरी

जगात कुठेही लोक रस्त्यावर उतरले की माझा चहा गार होतो. तारापूरजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्राला मार्क कमी, त्यामुळे पोरं ते मनावर घेत नसत, आणि त्यांच्या वाटचं मीच मनावर घ्यायचो. वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवायचो. निवृत्तीनंतर तर दुसरा उद्योगच उरला नाही. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा लोक संध्याकाळी घराघरांतून थाळ्या बडवत होते, श्रीलंकेत माणसं थेट राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात शिरली, हे सगळं माझ्याकडे तारखेनिशी आहे. बायको म्हणते, एवढं लक्ष वाडीतल्या चिकूंवर दिलं असतं तर झाडं जगली असती. तिचं खरं आहे.

एका वर्षी पालघरच्या एका वाचनालयाने मला सव्वीस जानेवारीला भाषणाला बोलावलं. विषय होता जगभरातले लोकशाहीचे लढे. मी चार दिवस तयारी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सकाळीच निघालो. भाषण चांगलं झालं. मतदानाच्या रांगेत दिवसभर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांबद्दल बोललो तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. परत येताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्याच दिवशी, त्याच वेळी गावात ग्रामसभा होती. ती दर वेळी सकाळी अकरालाच असते. तेव्हा सुटी असली तरी निम्मे पुरुष बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर असतात आणि कोळीवाड्यातल्या बाया बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या असतात. सभेला उरतात पंच, शिपाई आणि ज्याला एखादा दाखला हवा तो. ठरावीक संख्या भरली नाही तर सभा तहकूब करून पुन्हा नोटीस काढावी लागते. तो व्याप कोण करणार? म्हणून आमच्याकडे शिपाई नंतर हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि लोक दारातच सह्या करतात. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. दोन दिवसांनी शिपाई आला तेव्हा मी वर्तमानपत्रात माझा शाल पांघरलेला फोटो शोधत होतो. डाव्या हाताने पान धरलं आणि उजव्याने सही केली.

मार्चमध्ये किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत सिमेंटचे खांब उभे राहिले. ही बोंबील वाळवायची जागा. कोळीवाड्यातल्या बायांच्या सासवांच्या सासवांनीही तिथेच बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या. आता तिथे ट्रकांसाठी वाहनतळ होणार, अशी पाटी लागली. बाया पंचायतीत गेल्या तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की ग्रामसभेनेच ना हरकत दिली आहे, आणि ठरावाची, हजेरीच्या पानांसकट, झेरॉक्स हातात ठेवली गेली.

ती झेरॉक्स घेऊन मावशी आमच्या ओटीवर आली. मावशी म्हणजे आमच्या घरी वर्षानुवर्षं मासळी देणारी कोळीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. साक्षरता मोहिमेत मी तिला सही शिकवली होती. वाचायला पुढच्या महिन्यात शिकवू असं ठरलं, तेवढ्यात मोहीम संपली. कागदोपत्री ती साक्षर झाली आणि मला प्रमाणपत्र मिळालं. नंतर ती स्वतः वाचायला शिकेल असं मी धरून चाललो. दिवसाचे सोळा तास उभ्या असलेल्या बाईने ते कधी करायचं, हा विचार मला सुचला नाही.

मी ठराव वाचून दाखवला. शेवटी नेहमीचे शब्द होते, सर्वानुमते मंजूर. त्याचा अर्थ तिने विचारला, मी सांगितला. मग हजेरीच्या पानावर तिचं बोट फिरत एका ठिकाणी थांबलं.

"ही माजी सही हाय," ती म्हणाली. "म्हंजे माजी जागा मीच देली?"

शिपाई तिच्याकडे आला होता तेव्हा ती टोपली उचलून टमटम पकडायच्या घाईत होती. ग्रामसभेचं आहे एवढंच तो म्हणाला. मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर, वरून चौथी, माझी सही होती. वळणदार, खाली दोन टिंबांसकट. मावशीची नजर तिच्यावरून गेली आणि तिला काहीच कळलं नाही. त्या क्षणी तिला वाचता येत नाही याचा मला आधार वाटला. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच झालं. मी कागदाची घडी घालून तिला परत दिली आणि चौकशी करू म्हणालो.

चौकशीला आम्ही पालघरला गेलो, मावशी, तिच्या शेजारच्या दोघी आणि मी. तिथल्या कारकुनाने सरळ सांगितलं. परवानगी या ठरावावर उभी आहे, नुसता उलटा ठराव करून ती हलणार नाही. पण त्या दिवशी सभेला पुरेशी माणसंच नव्हती असं सिद्ध झालं तर ठरावच पडतो. बाया म्हणाल्या, आम्ही बाजारात होतो. त्याने विचारलं, मग सही कोणाची? त्या वेळी आपण दुसरीकडे होतो याचा पुरावा असलेलं कोणी आहे का, असंही त्याने विचारलं. पुरावा माझ्या कपाटात होता, कार्यक्रमपत्रिका आणि फोटोसकट. परतीच्या वाटेवर मावशीने मला पिशवीतली दोन केळी दिली. मी ती खाल्ली आणि चिकूच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

दोन दिवसांनी सरपंच घरी आला. तो माझाच विद्यार्थी, नागरिकशास्त्रात नेहमी पुढे. जागेचं काहीतरी बघू, फेरविचाराचा ठराव घेऊ, म्हणाला. पण सह्यांचा विषय काढू नका सर, त्यात तुमचंही नाव येईल. तो धमकी देत नव्हता. त्याला खरोखर माझी काळजी वाटत होती, आणि ते धमकीपेक्षा जड गेलं. त्या आठवड्यात मी एकही कात्रण कापलं नाही. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, की मावशी उद्या बोंबील घेऊन आली तर दार कोण उघडणार.

एक मेची ग्रामसभा जवळ आली. शिपाई नोटीस घेऊन कोळीवाड्यात गेला तेव्हा बायांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, की यापुढे सही सभेच्या जागीच होईल आणि सभा संध्याकाळी पाचला घ्या. घोषणा नाही, मोर्चा नाही. सरपंचाने वेळ बदलली. त्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. इतक्या बाया मी त्या सभागृहात फक्त हळदीकुंकवाला पाहिल्या होत्या.

वाहनतळाचा विषय निघाला. मी उभा राहिलो.

"सव्वीस जानेवारीच्या सभेला मी नव्हतो," मी म्हणालो. "मी पालघरला होतो. हजेरीवरची माझी सही खोटी आहे."

मी पत्रिका आणि फोटो टेबलावर ठेवला. मावशीने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ती उठली आणि म्हणाली, मी पण बाजारात होते. मग एकेक करून बाया उठत गेल्या. सरपंच मान खाली घालून ऐकत होता. शेवटी तोच म्हणाला की हे सगळं लिहून पालघरला पाठवू. मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं मोठंही वाटलं, जणू वहीतल्या कात्रणांत आता माझंही एक चिकटणार होतं.

ग्रामसेवक तरुण होता, परभणीकडचा, कामाला चोख. त्याने कार्यवृत्त लिहिलं आणि वाचून दाखवलं. बऱ्याच ग्रामस्थांनी आपण गैरहजर असल्याचे सांगितले, सबब ठरावाचा फेरविचार व्हावा, असं त्यात होतं. माझं वाक्य नव्हतं. पत्रिकेचा उल्लेखही नव्हता. वाचताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की त्याने ते माझ्यासाठी गाळलं आहे. आणि मी काय केलं? खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि सहीची वाट पाहत बसलो.

"परत वाचा," मावशी म्हणाली.

त्याने परत वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मास्तर बोलले ते नाय आलं यात."

ग्रामसेवक चाचरत म्हणाला, की सरांच्या मानाचा प्रश्न आहे. मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मास्तर, ते नाय आलं तर माजी जागा येल का?"

"नाही येणार," मी म्हणालो.

"मंग सांगा त्याला."

मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. माझं पूर्ण नाव, निवृत्त शिक्षक, त्या दिवशी कुठे होतो, कशासाठी होतो, आणि सही कुठे बसून केली. लोकशाहीवरच्या भाषणासाठी, हे सांगताना मागे कोणीतरी हसलं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. त्या नोंदीवरच पुढे परवानगी रद्द झाली आणि दिवाळीनंतर खांब निघाले. पण त्या संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

ग्रामसेवकाने रजिस्टर मावशीपुढे धरलं. तिने ते माझ्याकडे सरकवलं.

"पैले तुमी," ती म्हणाली, आणि शेवटचं अक्षर होईपर्यंत माझ्या हातावरून नजर काढली नाही.