मुठीवरचं नाव

भिवंडीत तेलाच्या वासापासून सुटका नाही. धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरा, नाहीतर एखाद्या बोळात शिरा, यंत्रमागाच्या वंगणाचा तो कडवट, उबदार वास तुमच्याआधीच तिथे येऊन बसलेला असतो. आमच्या घरात मात्र वर्षातून एक दुपार निराळ्या तेलाची असते. शिवणयंत्राचं पातळ तेल, मलमलीची चिंधी आणि कपाटाच्या कुलूपबंद कप्प्यातून बाहेर आलेलं आजोबांचं पिस्तूल! कितीही साबण लावला तरी त्या दिवशी बोटांचा वास जात नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नाही.

आजोबा दिघाशीचे. ज्या गावात त्यांना 'ए' आणि 'अरे' यांखेरीज हाक नव्हती, त्या गावातून उठून ते फौजेत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या अरण्यात लढले. तिथे एका जखमी गोऱ्या साहेबाला पाठीवर घेऊन त्यांनी पुराचा ओढा ओलांडला होता. मायदेशी परतताना साहेबाने आपलं पिस्तूल त्यांना दिलं, तेही रीतसर परवाना करवून. फौजेतच आजोबांना अक्षरओळख झाली होती. नवी विद्या माणसाला स्वस्थ बसू देते काय? परतीच्या प्रवासात त्यांनी चाकूच्या टोकाने पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर दोन शब्द कोरले: राघो, दिघाशी. अक्षरं वाकडी, 'घ' तर पार कलंडलेला, पण कोरणाऱ्याचा हात कचरलेला नाही हे आजही दिसतं.

दसऱ्याला आमच्या आसपासच्या कारखान्यांत मागांना झेंडूच्या माळा चढतात, हत्यारांची पूजा होते. आमचं घर बुद्धाचं. दसरा हा आमच्यासाठी धम्माचा दिवस, त्यामुळे पूजेचा प्रश्नच नाही. पण आजोबा नेमके त्याच दुपारी पिस्तूल काढून पुसायला बसत. फूल नाही, कुंकू नाही, नुसती चिंधी आणि तेल. 'करुणेच्या घरात हे हत्यार कशाला?' असं मी शाळकरी शहाणपणाने एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मारायला न्हाय ठेवला गं. माजा नाव हाय त्याच्यावर." युद्धानंतर त्यांनी त्यातून एकही गोळी झाडली नाही. मनुष्याला अहिंसा शोभते ती हातात बळ असताना, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. पुस्तकांतून ते तितकं कळलं नव्हतं.

आजोबांनंतर वडील, आणि वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर आला. निवडणूक आली की हे पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तिथे दर वेळी कुणीतरी मान वर न करता विचारतं, "मिस्टर नाही आले?" मी म्हणते, "परवान्यावर मिस्टर नाहीत, मी आहे." मग मान वर होते. पिस्तुलाच्या या ने-आणीची मला कधी धास्ती वाटली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मागाच्या शेडला आग लागली, गल्ली धुराने भरली, आणि घराबाहेर पळताना मी दागिन्यांचा डबा विसरून पिस्तूल तेवढं उचललं. तेव्हा ठरवलं, याचा विमा उतरवायचा.

विम्यासाठी मूल्यांकन हवं, म्हणून मुंबईहून जुन्या शस्त्रांचे एक जाणकार आले. मोठे सभ्य गृहस्थ. चहा झाला, भिंग निघालं, आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. "वस्तू अस्सल आहे हो!" मग मूठ उलटली आणि चेहरा उतरला. "हे ओरखडे कुणी काढले? सगळी किंमत घालवली. मॅडम, माझं ऐका, मी ही मूठ घासून देतो, नाहीतर त्याच काळातली दुसरी बसवून देतो. आणि त्या साहेबाचं नाव ठाऊक असेल तर सांगा. अहवालात 'अमुक कॅप्टनचं पिस्तूल' असं लिहिलं की आकडा कुठल्या कुठे जाईल."

साहेबाचं नाव मला ठाऊक होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण मी ते तिथेच गिळलं. काय न्याय आहे पाहा! जो पाठीवर बसून ओढा पार झाला त्याच्या नावाने किंमत चढते, आणि ज्याने वाहून नेलं त्याचं नाव म्हणजे ओरखडे! जगाचा बाजार असाच चालत आला असेल, चालो बापडा. माझ्या घरात तो चालणार नाही.

मी म्हटलं, "मूठ घासायची नाही. आणि 'ओरखडे' हा शब्द खोडा. लिहा, मुठीवर मालकाचं नाव कोरलेलं आहे, राघो, दिघाशी."

"पण त्याने रक्कम रुपयानेही वाढायची नाही. उलट कमी होईल."

"होऊ द्या."

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"हो, भावनेच्याच भरात बोलतेय. तुम्ही लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंग पुन्हा उचललं आणि ती वाकडी अक्षरं एकेक करून उतरवून घेतली. 'घ'पाशी थोडे अडखळले. मी मदत केली नाही.

विम्याचे कागद आले तेव्हा कंपनीतल्या मुलीने आवर्जून फोन केला. एवढ्याशा रकमेसाठी हप्ता कशाला भरता, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. तिचंही बरोबरच आहे. उद्या आगीत किंवा चोरीत हे पिस्तूल गेलं, तर हाती येईल त्यात नवी मूठसुद्धा यायची नाही. तरी मी सही केली. कारण ते गेलंच, तर जे काही चार पैसे द्यायचे ते देताना त्यांना आधी लिहावं लागेल की गेलं ते दिघाशीच्या राघोचं होतं.