सप्त्याचं तूप आणि साळुबाई

साळुबाईनं सप्त्याचं पावणेदोन-दोन किलो तूप राजुरीला, बाळंतीण लेकीकडं पोचवलं, अशी कुजबूज निमगाव साव्यात उठली, तेव्हा ती ऐकायला मीही पारावर पुढं सरकून बसलो होतो. खोटं कशाला बोलू?

सप्त्याच्या शेवटच्या पंगतीचं तूप गोळा करणं हा साळुबाईचा तीस वर्षांचा मान. घरोघरच्या बाया तूप आणत. ती ते कोमट करून लिटरच्या मापानं घेई आणि वहीत ‘एक किलो’ लिहून घ्यायला लावी. लिटर म्हणजेच किलो, असं सगळा गाव धरून चालायचा. जीभ मात्र तिची तिखट. माप जरा कमी भरलं की म्हणायची, "का गं, वाटंत मांजर भेटलं व्हतं का?" त्यामुळं तिच्यावर बालंट आलं तेव्हा बऱ्याच सुनांना गोडच लागलं.

त्या साली भरत नवा कारभारी झाला आणि त्यानं इलेक्ट्रॉनिक काटा आणला. वहीत वीस किलो. काट्यावर, डबा वजा करून, अठरा किलो दोनशे.

"काकू, बाकीचं कुठं गेलं?"

"मला काय ठावं? माप शिगोशीग घेतलंय मी."

"काटा खोटं बोलत न्हाई."

"मंग मी बोलती का रं?"

दुसऱ्या दिवशी तिनं घरचं दोन किलो तूप आणून मुकाट्यानं डब्यात ओतलं. देवाच्या पंगतीला कमी पडू नये, एवढंच तिच्या मनात. गावानं मात्र तीच कबुली धरली. पुढच्या सप्त्याला तिला कुणी बोलावलं नाही. हातात पिशवी दिसली तर लोक हसतील म्हणून तिनं राजुरीला जाणंच सोडलं. नातवाचं बारसं आणि जावळ, दोन्ही तिच्यावाचून झाली. मार्गशीर्षात ती गेली.

दहाव्याला तिची नात, थोरल्या लेकीची स्नेहल, आली. नारायणगावला केमिस्ट्री शिकते. बायकांच्या बोलण्यात तिला ही गोष्ट पहिल्यांदाच कळली. तिनं भरतकडून काटा मागवला, त्यावर माप ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पातळ तूप काठोकाठ ओतलं.

"काका, पाणी असतं तर लिटरला किलो भरलं असतं. तुपाची घनता कमी. बघा."

भरतनं वाकून आकडा वाचला. "पोरी, हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"आजीनं मला कधी काही सांगितलंच न्हाई."

साळुबाईनं चमचाभरही तूप नेलं नव्हतं. एक लिटर तुपाचं वजन नऊशे दहा ग्रॅम भरतं.