डॅनियल मास्तरांचा ठेका

कुठेही वाजवायला गेलं, की डॅनियल मास्तर गिटार खोक्यातून काढायच्या आधी दारं बघून येत. लग्नाचा मांडव असो, चर्चचं सभागृह असो, नाहीतर नगरच्या सावेडीतल्या एखाद्या नव्या बंगल्याची गच्ची. "बाई, भाईर पडायचं कुटनं?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. उत्तर मिळालं, की मगच ते तारा जुळवायला बसत.

मास्तर मूळचे मिरजगावचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी झाले. अडुसष्ट साली जहाज दुरुस्तीसाठी जमैकाच्या बंदरात अडकून पडलं, तेव्हा तिथल्या गोदी कामगारांकडून ते रेगे, म्हणजे तिथलं तेव्हा नवंच निघालेलं संथ ठेक्याचं संगीत, शिकले. परतीच्या वाटेवर इंजिनघराला आग लागली. भोंगा वाजत राहिला, खालची माणसं जिन्यात अडकली. मास्तर वर पोचले, त्यांचा जोडीदार पोचला नाही. एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही. नगरला आल्यावर त्यांनी आमचा बँड उभा केला. वरातीच्या बँडमधले दोघे भाऊ ड्रम आणि ट्रंपेटवर, आणि मी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, पेटीवर.

रविवारी सकाळी ते आम्हाला शिकवत. "पहिल्या ठोक्याला हात लावायचा न्हाई. त्यो पायात ठिवा. जागा सोडा, मंग वाजवा." आमचा हात हटकून पहिल्यावरच पडे. "घाई कसली हाय तुमाला? कोन पाठी लागलंय?" असं म्हणून ते हसत. पण रस्त्यावरून लष्कराचा ट्रक भोंगा वाजवत गेला, की ते हसू तिथेच विरून जाई.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. घरोघर खिडक्यांना काळे कागद लागले. नगरात लष्कराचं ठाणं, तेव्हा विमानं इथेच येणार, असं जो तो दबक्या आवाजात बोले. मुलींना धीर यावा म्हणून हेडमास्तरांनी शाळेत आमचा कार्यक्रम ठेवला, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. मास्तर वर आले तेच कोरड्या ओठांनी. "बाई, एकच जिना हाय. हितं नको."

"अहो, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," हेडमास्तर म्हणाले.

पहिली दोन गाणी मुलींनी पायांनी ठेका धरत ऐकली. तिसरं चालू असताना सायरन झाला. सरावाच्या सायरनची वेळ आम्हाला पाठ होती. ही ती नव्हती. कुणीतरी "विमान!" म्हणून किंचाळलं आणि सगळा हॉल जिन्याकडे धावला. दारातच मुली एकमेकींवर पडल्या. ड्रमवाल्याने काठ्या टाकल्या. मी पेटी कवटाळून बसले.

गिटार मात्र वाजतच होती. तीच संथ चाल. मास्तर भिंतीला पाठ लावून उभे होते, डोळे गच्च मिटलेले, चेहरा घामाने थबथबलेला. त्या चालीने मलाच आधी भान आलं. "मागच्यांनी जागेवर थांबा! ठेका धरा!" मी ओरडले. मागच्या रांगेतले पाय आपटू लागले. धक्के थांबले, दारातल्या मुली उठल्या. मग एकेक रांग त्या ठेक्यावर पायऱ्या उतरत गेली.

एकीचा हात मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. विमान आलंच नाही. सायरन चुकून वाजला होता, हे संध्याकाळी कळलं.

गावाने मास्तरांना डोक्यावर घेतलं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर शाल-श्रीफळ ठरलं. "मृत्यू समोर असताना हा माणूस डगमगला नाही," असं हेडमास्तरांनी सांगितलं आणि टाळ्या झाल्या. मास्तर माईकपुढे आले.

"पोरींनो, खोटं हाय त्ये. मी लई भ्यालो हुतो. पळायचं म्हनलं तर पाय उचलंनात. हात तेवढं चालत हुतं, म्हून वाजवत ऱ्हायलो. तुमच्यासाठी न्हाई वाजवलं."

हेडमास्तर जमिनीकडे पाहू लागले. पुढच्या रांगेतून हाताला प्लास्टर घातलेली मुलगी उठली. त्या दिवसापासून ती शाळेचं नाव काढलं की रडे. आज आईने बळेच आणली होती.

"मास्तर, अजून भीती वाटते तुम्हाला?"

"वाटती की, बाळा. तुला?"

तिने हळूच होकार दिला. मास्तर मंचावरून उतरले, तिच्या शेजारी मातीत मांडी घालून बसले आणि राहिलेली सगळी भाषणं त्यांनी तिथूनच ऐकली.