जिन्यात येऊन बोलणारी माणसं

माझी सून माणसं पळवते. "काय करते हो सूनबाई?" असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. चांगल्या बसलेल्या माणसाला एका खुर्चीतून उठवायचं आणि दुसरीकडच्या खुर्चीत नेऊन बसवायचं, याचे हिला पैसे मिळतात. याला म्हणे रिक्रूटर म्हणतात. म्हणोत बापडे.

स्वयंपाकघराला लागून जी छोटी खोली आहे, तेच हिचं ऑफिस. मधली भिंत नावालाच. त्यात बाईसाहेबांचे दोन्ही हात कीबोर्डवर, म्हणून फोन कायम स्पीकरवर. मी भाजी चिरता चिरता सगळं ऐकते. मग काय, कान काढून डब्यात ठेवू?

फोनची सुरुवात ठरलेली. "नमस्कार, आत्ता बोलू शकता का?" पलीकडे एकदम शांतता. मग खुर्ची सरकते, दार वाजतं आणि थोड्या वेळाने घुमणारा आवाज येतो, "हं, आता बोला." माणूस जिन्यात आलेला असतो. नोकरी सोडायच्या गोष्टी कुणीही जागेवर बसून करत नाही. भलेभले टायवाले जिन्यात येऊन शाळेतल्या पोरांसारखे कुजबुजतात. ऐकून ऐकून मला जिने पाठ झालेत. एका जिन्यात लोखंडी दार धाडकन आपटतं, एकात लिफ्टची घंटी वाजते, एकात नळ गळतो.

हिची दुसरी विद्या फोटोंची. दिवसभर ही त्या नोकरदारांच्या सोशल नेटवर्कवर पडीक असते. तिथे जो तो आपलीच पाठ थोपटून घेतो. "आई, डोंगरावरचा गॉगलवाला फोटो काढून कुणी कोट, हाताची घडी आणि मागे पांढरी भिंत असा फोटो लावला ना, की समजायचं, हा आता उठणार," असं तिनेच मला शिकवलं. आणि खरंच, तो उठतो!

तर मध्यंतरी तिच्याकडे एक दाढीवाला आला. वय माझ्या नातवंडाएवढं नसलं तरी मुलापेक्षा बरंच कमी. त्याची कंपनी म्हणजे झाडांचं सोशल नेटवर्क. तुम्ही तुमच्या कुंडीतल्या रोपाचा फोटो टाकायचा, मी माझ्या रोपाचा टाकायचा, आणि एकमेकांच्या रोपांना छान छान म्हणायचं. मी डोक्याला हात लावला. वर पठ्ठ्या म्हणतो, "आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत." कुटुंब काय असतं ते चार दिवस इथे राहून बघ म्हणावं!

त्याला एक हुशार इंजिनियर हवी होती. सुनेने शोधली ती नळवाल्या जिन्यातली मुलगी. मी तिला कधी पाहिलं नाही, पण आवाज ओळखीचा झाला होता. घरात कमावती ती एकटी. वडील अंथरुणाला खिळलेले. दाढीवाला घरून काम करू देणार होता, म्हणजे वडिलांजवळ राहता आलं असतं. तेवढ्यासाठी पोरीचा जीव तिकडे ओढ घेत होता. पण नोकरीचं पत्र अजून हातात नव्हतं. दाढीवाल्याच्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांच्या सह्या गुरुवारी होणार, मग पत्र, मग राजीनामा, असं ठरलेलं. तोवर तोंडातून ब्र काढायचा नाही. कारण तिची जुनी कंपनी मोठी कजाग. कुणी दुसरीकडे बघतोय असा नुसता वास आला तरी त्याच दिवशी गळ्यातला पास काढून घेतात.

आणि मंगळवारी आमच्या सुनेने घोळ घातला.

तिची सवय अशी की सकाळी चहा पिता पिता जगाची अभिनंदनं उरकायची. याला बढती, त्याला नवी नोकरी, दाब बटण, लिही दोन शब्द. त्या दिवशी मुलीने नवा फोटो लावलेला दिसला. हिच्या मनाने तिला कधीच नव्या खुर्चीत बसवलं होतं. हिने फोटोखाली लिहिलं, "नव्या कंपनीसाठी मनापासून शुभेच्छा!" आणि अंघोळीला गेली.

बाहेर येईपर्यंत खाली अभिनंदनाची रीघ लागली होती. वाचतोय कोण? एकाने तर वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन टाकल्या. आणि त्या गर्दीत एक अंगठा मुलीच्या साहेबांचा.

सुनेने लिहिलेलं पुसलं, पण आता पुसून काय उपयोग! तेवढ्यात फोन. मागे नळाची टपटप. "मॅडम, हे काय केलंत तुम्ही? साहेबांनी जेवणानंतर केबिनमध्ये बोलावलंय. माझ्या बाबांचं काय होणार?" आणि पोर रडायलाच लागली.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. दाढीवाल्याला फोन लावला तर त्याचा फोन बंद. ताटावर बसली, पण पुन्हा पुन्हा त्यालाच फोन लावत राहिली. एरवी मी तिची चेष्टा करायची संधी सोडत नाही, पण तेव्हा मलाही वाईट वाटलं. त्या मुलीसाठी वाटलं, आणि हिच्यासाठीही. हिने आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही हो.

"त्या साहेबाचं तोंड दाखव बघू मला," मी म्हटलं.

"आई, आता हे काय मध्येच?"

"दाखव म्हणते ना!"

तिने दाखवलं. बघते तर काय! कोट. हाताची घडी. पांढरी भिंत. केस चापूनचोपून बसवलेले.

"कधीचा गं हा फोटो?"

"परवाचा..." म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग ताट बाजूला सारून तिने थेट साहेबांना फोन लावला.

"बोला," तिकडून करडा आवाज.

"नमस्कार, मी रिक्रूटर बोलतेय. आत्ता बोलू शकता का?"

शांतता. खुर्ची सरकली. दार वाजलं. पावलं वाजली. आणि मागून आलं, टप, टप, टप. मी सुनेला कोपराने ढोसलं.

"हं, बोला," साहेब कुजबुजले. "कुणी सांगितलं तुम्हाला माझ्याबद्दल?"

"कुणी नाही. फोटो छान आलाय तुमचा."

"हळू बोला हो! इथे जिन्यात सगळं घुमतं. ऐका, आमच्याकडच्या एका मुलीला तुम्हीच दिलीत ना नोकरी? तेच विचारायला बोलावलंय तिला, कुणी शोधून दिली म्हणून."

सुनेने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग मात्र आवाज असा लावला की मीच चपापले. "साहेब, तिचं पत्र हातात येईपर्यंत तुम्ही काही पाहिलेलं नाही. तोवर मीही तुमचा फोटो पाहिलेला नाही."

"नाही नाही, मी कुठे काय पाहिलंय!"

गुरुवारी सह्या झाल्या, पत्र आलं. पुढे रीतसर राजीनामा देऊन मुलगी सुटली. नव्या नोकरीच्या पहिल्या सकाळी तिचा फोन आला. मी सवयीने कान टवकारले. ना टपटप, ना घुमणं. मागून कुणीतरी म्हातारं माणूस खोकलं, इतकंच.

"अगं, कुठून बोलतेय ती?" मी भिंतीपलीकडे ओरडले.

"वडिलांच्या पलंगाशेजारी बसून, आई," सून म्हणाली. आवाज जरा ओला होता. मीही डोळे पुसले, आणि कांद्यावर ढकललं.

साहेब मात्र अजून जिन्यातच आहेत. दर दोन दिवसांनी विचारतात, "काही जमतंय का?" परवा मीच भिंतीअलीकडून ओरडून सांगितलं, "जमेल हो! तोवर तो नळ तेवढा दुरुस्त करून घ्या!"